तेल स्वस्त झाल्यावर काय?

महोदय,

खनिज तेलाचे किंवा वायूचे भाव भडकले की सौर आणि पवनऊर्जेला आपोआप चालना मिळते, असे गृहीत धरून हल्ली बरेच लिहिले-बोलले जाते. गेल्या 50 वर्षांचा अनुभव इतका सरळ नाही. भाववाढीचा पहिला लाभ बहुधा कोळशालाच होतो. 2022 मध्ये रशियाकडून येणारा वायू आटल्यावर जर्मनीने राखीव ठेवलेली कोळशाची वीजकेंद्रे पुन्हा पेटवली. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे कोळसा अपुरा पडला तेव्हा केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना 10 टक्के आयात कोळसा मिसळण्यास सांगितले आणि वीज कायद्याच्या 11व्या कलमाचा आधार घेऊन आयात कोळशावरची केंद्रे पूर्ण क्षमतेने चालवायला लावली. तीही आयात कोळसा कमालीचा महाग असताना. यात दोष देण्यासारखे फारसे नाही, कारण दिवे आज लागायला हवेत आणि सौर प्रकल्पासाठी जमीन, वाहिन्या व कर्ज जमवण्यात बराच काळ जातो. शिवाय इंधनाच्या महागाईपाठोपाठ व्याजदरही चढतात आणि ज्या प्रकल्पाचा बहुतेक खर्च सुरुवातीलाच होतो त्याला ते अधिक जाचतात.

खरी कसोटी लागते ती भाव उतरल्यावर. 1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कची ऊर्जेची सुमारे 90 टक्के गरज तेलावर भागत होती आणि रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास तेथे बंदी घालावी लागली. तिथल्या वीज कंपन्याही आधी कोळशाकडेच वळल्या. मात्र त्याच दशकात, 1978 मध्ये, पश्चिम जटलंडमधील ट्विंडच्या शाळेतील शिक्षकांनी आणि स्वयंसेवकांनी 2 मेगावॉटची पवनचक्की स्वतः उभारली. पुढे 1986 मध्ये तेल कोसळले, तेव्हा डॅनिश सरकारने ऊर्जेवरील कर वाढवले आणि ग्राहकाला ती स्वस्ताई फारशी जाणवू दिली नाही. अमेरिकेत नेमके उलटे घडले. घरगुती सौर उपकरणांवरील करसवलत 1985 च्या अखेरीस संपली होती. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1979 मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेली पाणी तापवण्याची 32 सौरपटले 1986 मध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी म्हणून उतरवली गेली, ती परत चढलीच नाहीत. आज डेन्मार्कची निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते.

आपणही डेन्मार्कसारखे केले, पण अर्धेच. 2014 नंतर कच्चे तेल पिंपामागे 100 डॉलरवरून उतरत जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्या खाली गेले, तेव्हा पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्क वारंवार वाढवले गेले. वाहनधारकांनी बोटे मोडली. माझी तक्रार करवाढीबद्दल नाही, तो पैसा ऊर्जेच्या कामासाठी बांधून ठेवला गेला नाही याबद्दल आहे. कोळशाचे त्याहून वाईट झाले. 2010 मध्ये टनामागे 50 रुपयांचा उपकर लावून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारला गेला, 2016 पर्यंत हा उपकर 400 रुपयांवर पोहोचला आणि पुढच्याच वर्षी वस्तू व सेवा कर येताच ती रक्कम राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवण्यात आली.

महाराष्ट्रात पैशाची गरज कुठे आहे हे शोधत बसण्याचे कारण नाही. शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर आल्या की शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते, आणि जुन्नरसारख्या भागात रात्री बॅटरी घेऊन बिबट्याच्या धास्तीने उसात दारे धरणे म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला विचारावे. सूर्य मावळल्यानंतरच्या मागणीसाठी घाटघरच्या 250 मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पासारखी (जादा विजेवर पाणी वर चढवून गरजेच्या वेळी ते खाली सोडून वीज करणारी) साठवण आणखी हवी. ही कामे वर्षानुवर्षे चालणारी आहेत. पिंपाचा भाव पाहून त्यांच्या निधीत चढउतार करणे परवडणारे नाही. म्हणून कच्चे तेल ठरावीक पातळीखाली गेल्यावर वाढवल्या जाणाऱ्या उत्पादन शुल्कातील निश्चित हिस्सा कायद्यानेच पारेषण, साठवण आणि सौर कृषी वाहिन्यांसाठी राखून ठेवावा, असा आग्रह राज्यातील खासदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अर्थसंकल्पापूर्वी धरावा.

– एक वीजग्राहक, नाशिक