इन्व्हर्टर घेण्याआधी

औसा,
१२ एप्रिल

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. काकूंसाठी दादरचं बिऱ्हाड आवरून गावी येतोयस, वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी लिहिलंयस, ‘दुकानदार दोन बॅटऱ्यांचा मोठा इन्व्हर्टर घ्या म्हणतोय, पैसे पाठवून देऊ का?’ थांब. एक रुपयाही पाठवू नकोस.

तुझा जन्म बेस्टच्या लाइटीत गेला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई बंद पडली, तेव्हा जग बुडाल्यासारखा तू फोनवर ओरडत होतास. आमच्याकडे त्याला सोमवार म्हणतात. २००७ च्या उन्हाळ्यात इथे दिवसातले बारा बारा तास लाइट नसायची, पीठ दळायला गिरणीवर रात्री नंबर लावायचो आम्ही.

भारनियमन म्हणजे कुणाची लहर नव्हे. ग्रिड, म्हणजे सगळं वीजजाळं, ५० हर्ट्झवर चालतं. मागणी वाढली आणि वीज कमी पडली की हा आकडा खाली सरकतो, आणि फारच सरकला तर सगळंच बसेल. म्हणून ऐरोलीच्या भारप्रेषण केंद्रातून निरोप येतो आणि पाळीपाळीने फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाइनी, बंद होतात. पाळी कुणाची, ते गळती आणि वसुलीवर ठरतं. २०१२ च्या सुमारास याच हिशेबाने गट पाडलेले, ए ते डी गटांना सूट होती, ई पासून जी-३ पर्यंतच्यांची कपात. म्हणजे गल्लीत आकडे टाकून वीज चोरणाऱ्यांचं पाप बिल वेळेवर भरणाऱ्याच्याही माथी. मला हे आजही पटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोळसा आटला तेव्हाही असंच झालं.

म्हणून दुकानात जाण्याआधी वायरमनला गाठायचं. तुमचं जुनं घर गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या? शेतीच्या फीडरला थ्री फेज आठेक तासच, तीही कधी दिवसा, कधी रात्री. तिथे घर असेल तर सगळाच हिशेब बदलतो. आणि काकांच्या नावाच्या बिलाला आधी तुझा मोबाइल नंबर जोडून घे, दुरुस्तीसाठी लाइट जाणार असेल तर मेसेज येतो.

आता हिशेब. तुमचे जुने पंखे प्रत्येकी ७५ वॉट खातात. त्याजागी कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे बसवलेस तर दोन्हींचे मिळून साठेक. नऊ वॉटचे पाच दिवे ४५, राउटर दहा. झाले ११५. चार तासांचे ४६० वॉट-तास. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्यूबलर बॅटरी कागदावर १८०० देते. इन्व्हर्टर खातो ते वजा कर, शिवाय बॅटरी तळापर्यंत उपसायची नाही, तरी हजारेक हाती राहतात. मग दुसरी बॅटरी कशाला? पंख्यांवर खर्च कर. काकूंचं वाफेचं मशीन दहा मिनिटं चालतं, तेही निघेल. फक्त इन्व्हर्टर साइनवेव्ह घे, म्हणजे घरच्या लाइटीसारखीच वीज देणारा. माझा पहिला स्क्वेअरवेव्ह होता, रात्रभर पंखा मधमाश्यांसारखा घोंघावायचा. फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटार त्यावर अजिबात टाकू नकोस. वायरिंग करतानाच इन्व्हर्टरची लाइन वेगळी काढायला सांग.

बॅटरीच्या पाण्याचं मात्र लक्षात ठेव. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यात बॅटरीचे फ्लोट, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या खुणा, खाली गेलेले, आणि डिस्टिल्ड वॉटर आणायचा मला कंटाळा. बोअरचं पाणी उकळून, फडक्याने गाळून, झाकणं उघडून ओतलं. स्वतःला फार हुशार समजलो. आपल्याकडचं बोअरचं पाणी कसलं, तवलीच्या बुडाला पांढरा थर धरतं! पाऊस सुरू व्हायच्या आत बॅटरी बसली. आता दर दोन महिन्यांनी मी फ्लोट बघतो, लाल खूण दिसायच्या आत बाटली आणतो.

आणि बॅटरी काकूंच्या खोलीत नको. चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो. पडवीत, जाळीच्या खिडकीखाली चांगली जागा आहे, देवळीशेजारी. उंदरांचं बघावं लागेल तेवढं.

जनरेटरचं मनातही आणू नकोस. शेजारच्या आळीत एकाने चेंजओव्हर, म्हणजे बाहेरची लाइन तोडून जनरेटर जोडणारा स्विच, न बसवता सरळ प्लगात वायर खुपसली होती. खांबावर वायरमन असता तर गेलाच असता.

मी उद्या सबस्टेशनवर जाऊन तुमच्या गल्लीचा फीडर विचारून येतो. तोवर त्या दुकानदाराचा फोन उचलू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या