मगावरची गंजिफा कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रं छापलेल्या भेटवस्तूंच्या मगांवरची कालच्या अंकातली बातमी वाचली. आपल्या सावंतवाडीचा मोती तलाव, राजवाडा, सिंधुदुर्ग किल्ला, गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, हे सगळं मगांवर येतंय आणि पर्यटक आवडीने नेताहेत, याचा आनंद मलाही आहे. पण ही चित्रं आली कुठून, हे छापणाऱ्या एकाला तरी तुमच्या वार्ताहराने विचारायला हवं होतं.

मी विचारलं नाही, ती चूक मला फार लागली. गेल्या वैशाखात माझ्या आईचं सहस्रचंद्रदर्शन केलं. आलेल्या माणसांच्या हाती आपल्या गावची काहीतरी आठवण द्यावी, म्हणून साठ मग छापायला टाकले. आईच्या माहेरची दशावतारी गंजिफा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांच्या पानांचा जोड, आमच्याकडे आहे. १२० पानांतली निम्मीअधिक आता उरली नाहीत, पण मत्स्याचा राजा शाबूत आहे. कडेला चिंचोक्याच्या खळीने चिकटवलेले फडक्याचे थर सुटलेत, तरी लाखेची चकाकी अजून आहे. ते पान रुमालात गुंडाळून मी दुकानात नेलं. मुलाने मोबाइलवर फोटो काढला, "काकू, काळजीच करू नका," म्हणाला.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी खोकी घरी आली. उघडून बघते तर मगावर वाटोळ्या डोळ्यांचा जगन्नाथ! आणि खाली ठळक अक्षरांत 'आमची सांवतवाडी'.

बंगालात बिष्णुपूरला दशावतारी पत्ते करतात, त्यांत बुद्धाच्या जागी जगन्नाथ असतो. ती कलाही मोठीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिच्याखाली आमच्या गावाचं नाव का? दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमच्या फोटोत रंग उठत नव्हते, म्हणून नेटवरून घेतलं. गंजिफाच आहे ना ही पण?"

बदलून द्यायलाही वेळ नव्हता. हे मग विशिष्ट लेप दिलेले असतात. कागदावर चित्र उलटं छापून तो मगाभोवती गुंडाळतात आणि यंत्रात १८० ते २०० अंशांवर काही मिनिटं तापवतात. शाईची वाफ होऊन ती थेट लेपात शिरते. नंतर ती घासून निघत नाही. म्हणूनच आधी एक मग छापून गिऱ्हाइकाला दाखवायचा असतो. साठ मगांचे पैसे आगाऊ घेणाऱ्याला एवढं जमू नये?

आईच्या हातात मग दिला. तिने तो फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "ह्यो आमच्या पानांतलो न्हय गो." लहानपणी ती आजोबांबरोबर खेळायची. दिवसा खेळ असला तर रामाचा राजा असलेल्याने उतारी करायची, रात्री कृष्णाचा राजा असलेल्याने, हे तिला आजही पाठ आहे. तिच्यासाठी केलेल्या वस्तूवर तिचंच पान नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी मगांचं कौतुक केलं, ते मला ऐकवत नव्हतं.

ही कला मरायला टेकली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवून तिला उभं केलं. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तुम्हीही ठळक बातमी दिली होती. मानांकन मिळालं ते इथल्या हातांना. तेव्हा मग छापणाऱ्याने इथल्याच चितार्‍याकडे जाऊन एक पान रंगवून घ्यावं, त्याला त्याचे पैसे द्यावेत आणि मगाच्या तळाला त्याचं नाव घालावं. नेटवरचं चित्र फुकट मिळतं म्हणून ते आमच्या गावाच्या नावावर खपवू नये. पर्यटक बिचारा तेच सावंतवाडीचं समजून घरी नेतो आणि पुढे दहा जणांना दाखवतो.

आणखी एक. वर मी मगावरचं नाव जसं छापलं होतं तसंच लिहिलं आहे. अनुस्वार 'सा'वर नको. गावाचं नाव 'सावंतवाडी', अनुस्वार 'व'वर. कालच्या तुमच्या छायाचित्राखालच्या ओळीतही 'सांवतवाडी' असंच छापलंय. मगवाल्याला मी फोन करून सांगितलं, तुम्हाला हे पत्र लिहून सांगते आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

आपली,
एक जुनी वाचक, सावंतवाडी