मियाकोनोजोहून: धनुष्याची ऑर्डर दिली

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा, तिला चष्म्याचा त्रास नको.

फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. शनिवारी आम्ही कुमामोतोहून गाडीने मियाकोनोजोला गेलो. वाटेत एबिनोच्या पुढे किरिशिमाचे डोंगर लागतात. मियाकोनोजो हे मियाझाकी प्रांतातलं शहर. जपानमधली बांबूची सुमारे ९० टक्के धनुष्यं इथेच तयार होतात. पूर्वी शिमाझु सरदारांच्या राज्यात या कामाला आश्रय होता, आणि १९९४ मध्ये सरकारने त्याला पारंपरिक कारागिरीचा दर्जा दिला. आता मात्र कारागीर थोडेच उरलेत.

त्यांच्यातल्याच एकांकडे मी माझ्या धनुष्याची ऑर्डर दिली. बाबा, त्यांच्या पडवीत तुम्ही असायला हवे होतात! भिंतीला कामट्या टेकवून ठेवलेल्या, काही हिरवट, काही धुरकट पिवळ्या. मी विचारलं, बांबू कधी तोडता? म्हणाले, नोव्हेंबर-डिसेंबरात, झाडातला रस उतरल्यावर. आपण माणगा बांबूच्या बेटात पावसाळ्यात कोयती चालवत नाही, नाहीतर भुंगा लागतो, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तिथून पुढे ते माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागले. तोडलेला बांबू विस्तवावर शेकून त्याचं तेल पुसून काढतात, मग महिनोन् महिने वाळवतात.

धनुष्य म्हणजे एक काठी वाकवली असं नाही. आत बारीक कामट्या, त्याही आगीवर भाजून काळपट केलेल्या. दोन्ही कडांना हाझे नावाच्या झाडाचं लाकूड (याच झाडाच्या फळांतून इथे मेणबत्त्यांचं मेण काढतात), आणि पुढे-मागे बांबूच्या दोन लांब पट्ट्या. सरस लावून हे सगळं एकत्र धरायचं, दोरीने आवळायचं आणि दोरीखाली पाचरी ठोकायच्या. शंभरावर पाचरी! त्यांनी दुसऱ्या एकाच्या धनुष्याचं हे काम आमच्यासमोर केलं. एक पाचर, लाकडी हातोड्याचा घाव, लगेच हाताने बाक चाचपायचा, पुढची पाचर. सरस आळायच्या आत सगळा बाक यायला हवा, म्हणून मध्ये कुणी बोलत नाही. शेवटी उभे राहून त्यांनी सगळं वजन त्यावर टाकलं आणि बांबू करकरला. माझ्या पोटात गोळा आला, ते मात्र डोळे मिटून तो आवाज ऐकत होते.

माझ्या मापाला फार वेळ लागला नाही. डावा हात आडवा पसरायचा, गळ्याच्या मध्यापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजायचं. त्यावरून २२१ सेंटीमीटरचं नेहमीचं धनुष्य मला पुरेल असं ठरलं. माझ्यापेक्षा कितीतरी उंच, पण मूठ मधोमध नसते, खालून एक तृतीयांश उंचीच्या आसपास असते, त्यामुळे पेलतं. दोरी ओढायचा ताण १२ किलोचा. मी १४ मागितला होता. त्यांनी मला जवळच्या गवताच्या पेंढीवर बाण सोडायला लावले, माझ्या खांद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, १२. मला ते पटलं. ताण झेपला नाही की खांदा वर चढतो, आणि ती सवय नंतर जात नाही.

मग त्यांनी विचारलं, हे धनुष्य राहणार कुठे? जुन्या पद्धतीचा सरस हरणाच्या कातड्यापासून करतात. त्या धनुष्याचा झटका हाताला फार मऊ लागतो, मी ओढून बघितलं, मन अडकलं त्यात. पण उष्मा आणि दमट हवा त्याला सोसत नाही, जोड सुटू शकतात. मी त्यांना कुडाळचा जून-जुलै कसा असतो ते सांगितलं. कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते म्हटल्यावर त्यांनी हसून हातानेच 'नको' केलं. मी आजच्या रासायनिक सरसाचं धनुष्य सांगितलंय. आमच्या धनुर्विद्येच्या क्लबातल्या काहींना हे कमअस्सल वाटेल, वाटू दे. बांबू तोच, पाचरी त्याच, हातही तेच. मला हे धनुष्य घरी आणायचंय, आपल्या अंगणात ओढून तुम्हाला दाखवायचंय. त्यापुढे बाकीचं मला गौण वाटतं.

आई, पैशांचं तू विचारशीलच. आत्ताच्या फायबरच्या धनुष्याच्या दुपटीहून जास्त लागले. साठवलेले होते, कुणाकडून घेतले नाहीत.

त्यांच्याकडे आधीच्या ऑर्डरी आहेत, त्यामुळे वसंत ऋतूपर्यंत थांबायचं आहे. हाती आलं तरी लगेच जोरात वापरायचं नाही, दोरी चढवून बाक नीट बसू द्यायचा, बाक बिघडला तर धनुष्य त्यांच्याकडे परत न्यायचं.

बाबा, एक काम करा. माजघराची आतली भिंत पावसात ओल धरते का, यंदा नीट बघून ठेवा. आणि तिथे खुंटी ठोकली तर खाली अडीच मीटर मोकळी जागा मिळेल का, तेही मोजून कळवा. नाहीतर माळ्यावर आडवं ठेवायची सोय करावी लागेल.

तुमची,
मृणाल