'कृत्रिम पाऊस' हा शब्दच आधी सोडूया

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाने ओढ दिली की 'कृत्रिम पाऊस' हे शब्द मथळ्यांत येतात आणि पाठोपाठ '१८ टक्के जास्त पाऊस' हा आकडा. ढगात क्षार सोडून पाऊस वाढवण्याचा हा प्रयोग आपल्याच सोलापूर जिल्ह्याच्या आकाशात झाला, म्हणून तो इथल्या माणसाला नीट कळायला हवा. या दोन गोष्टींमुळे तो कळत नाही.

आधी शब्द. हा पाऊस कृत्रिम नसतो. पाणी ढगाचेच असते. ढगातले थेंब इतके बारीक असतात की ते खाली पडतच नाहीत. अशा सुमारे दहा लाख थेंबांचे पाणी एकवटले की पावसाचा एक टपोरा थेंब होतो. विमान ढगाच्या तळाशी जाऊन कॅल्शियम क्लोराईड या क्षाराच्या नळकांड्या पेटवते. धुरातले क्षाराचे कण हवेतली वाफ ओढून फुगतात, त्यांचे थेंब मोठे होतात आणि लहान थेंबांना गोळा करत खाली येतात. जिथे भरलेला ढगच नाही तिथे विमान काही करू शकत नाही. 'कृत्रिम पाऊस' वाचणाऱ्याला मात्र कोरड्या आकाशातून पाणी पाडणारे यंत्र दिसते, आणि मग 'एप्रिलमध्ये का पाडत नाही?' हा प्रश्न येतो. तो प्रश्न विचारणारा अडाणी नसतो. शब्द चुकीचा असतो. 'ढगात बीजारोपण' म्हणा. शब्द तेवढेच लागतील, आणि अर्ध्या शंका तिथेच मिटतील.

आता आकडा. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) सोलापूर परिसरात २७६ ढग अभ्यासले. काहींत बीजारोपण केले, काही मुद्दाम तसेच सोडले. हे सोडलेले ढगच प्रयोगाचा कणा आहेत आणि बातमीत नेमके तेच गळतात. आपल्याकडचा पाऊस बैलाचे एक शिंग भिजवतो आणि दुसरे कोरडे ठेवतो; तो पडला तो क्षारामुळे की आपसूक, हे एका ढगावरून कोणीच सांगू शकत नाही. दोन्ही गटांची तुलना झाल्यावर, बीजारोपणाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटरवर सरासरी १८ टक्के जास्त पाऊस आढळला.

१८ टक्के, पण कशाच्या? जिल्ह्याची वार्षिक सरासरी साधारण साडेपाचशे मिलिमीटर. वाचक तिच्यात १८ टक्के मिळवतो आणि साडेसहाशेच्या आसपास पोचतो. हिशेब तसा नाही. जिल्हा जवळपास पंधरा हजार चौरस किलोमीटरचा, आणि आकडा शंभराचा, तोही बीजारोपण झालेल्या ढगांपुरता. समजा एरवी १० मिलिमीटर पाऊस झाला असता, तर तो ११.८ झाला. वाढीव १.८ मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे सव्वासात हजार लिटर, दहा हजारांचा टँकरही भरत नाही. तेच पाणी शंभर चौरस किलोमीटरवर मोजा: १८ कोटी लिटर. दोन्ही आकडे खरे, पाऊसही एकच. कोटींचा आकडा एकटा छापला की चमत्कार वाटतो, एकराचा एकटा छापला की खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. दोन्ही शेजारी शेजारी छापावेत, कारण शेतकरी एकरात विचार करतो आणि निर्णय घेणारे कोटींत.

एक विनंती शाळांनाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला हा प्रयोग ताटलीत दाखवता येतो, पण बहुतेक वेळा फसतो. ताटलीत चमचाभर मीठ ठेवून 'ते ओले होईल' असे सांगितले जाते आणि ते तसेच कोरडे राहते. कारण साधे आहे: मीठ पाणी ओढायला लागते ते हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर, आणि फेब्रुवारीतली सोलापूरची दुपार त्याच्या जवळपासही नसते. झाकणाच्या पारदर्शक डब्यात तळाशी ओले फडके अंथरा, त्यावर पालथी वाटी, वाटीवर बशी आणि बशीत मीठ. फडके मिठाला लागू देऊ नका, नाहीतर पोरे म्हणतील पाणी तिथूनच चढले, आणि त्यांचे बरोबर असेल. डबा आदल्या संध्याकाळी बंद करा. शेजारी तशीच दुसरी बशी उघडी ठेवा, ती सोडलेल्या ढगाच्या जागी. सकाळी एका बशीत खारे पाणी सुटलेले दिसेल, दुसरीत मीठ कोरडे. उघडी बशी नसेल तर तो प्रयोग नव्हे, नुसती गंमत. ओळीने उभ्या मुलांना आधी विचारा, कुठल्या बशीत काय होईल? उत्तर फळ्यावर लिहून ठेवा आणि मगच डबा उघडा.

शेवटचा मुद्दा भाषेचा. आपल्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी घरे थोडी नाहीत. प्रदर्शनाच्या फलकावर मराठीखाली त्या दोन भाषांतले एकेक वाक्य सहज बसते. फक्त ते त्या त्या लिपीत आणि ती भाषा घरी बोलणाऱ्याकडून लिहून घ्यावे. कन्नडमध्ये पावसाला 'मळे' म्हणतात. ते देवनागरीत लिहिले तर आपला वाचक ढगाच्या चित्राखाली शेतमळे शोधत बसेल.

आपले,
विज्ञानप्रसाराचे काम करणारे काही शिक्षक, सोलापूर