भिंगाकार कशाला? मसुराकार म्हणा!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात 'लेंटिक्युलर' दीर्घिकेला (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा पसारा) 'भिंगाकार' म्हटलंय. चूक नाही, पण लक्ष्मीपुरीत तीस वर्षं धान्य विकणाऱ्याला हा शब्द खटकतो. लॅटिनमध्ये 'लेन्स' म्हणजे मसूर. भिंग मसुरासारखं दिसतं म्हणून त्याला ते नाव पडलं. आणि आपण, ढाब्यावर अख्खा मसूर चाटूनपुसून खाणारी माणसं, भिंगाकडं धावतो!

पत्र लिहिताना गल्ल्यावर मसुराचा एक दाणा ठेवलाय. वरून बघितला तर वाटाण्यासारखा गोल. चिमटीत कडेवर धरला की मधे फुगीर, टोकांना निमुळता, थेट सूत कातायची चाती. खगोलवाल्यांची पंचाईत हीच. ही दीर्घिका समोरून दिसली तर तबकडी नसलेल्या 'लंबगोल' जातीची वाटते, कडेनं दिसली की तबकडी उघडी पडते. सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ३११५ ही मसुराकार दीर्घिका आपल्याला कडेनंच दिसते. तिला 'स्पिंडल' म्हणतात, म्हणजे चातीच.

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ मध्ये दीर्घिकांची वर्गवारी मांडली ती फोटो नजरेखालून घालून, आम्ही धान्य निवडतो तशी. लंबगोलांना ई-० (गोल दिसणारी) ते ई-७ (सगळ्यांत चपटी) असे आकडे. लांबी १० धरून रुंदी ६ दिसली, तर दहातून सहा गेले, म्हणून ई-४. ७ च्या पुढं चपटी लंबगोल मिळत नाही. मग लंबगोल आणि सर्पिल (वळणदार भुजा असलेल्या) यांच्या सांध्यावर १९३६ मध्ये त्यांनी एस-० हा वर्ग ठेवला, तोही तेव्हा अंदाजानंच. तीच ही आपली मसुराकार.

खरी तक्रार पुढंच आहे. गोल दीर्घिका चपटी होत जाते आणि मग तिला भुजा फुटतात, असं लेखात छापलंय. अहो, तो क्रम आकाराचा आहे, वयाचा नाही! मसुराकार दीर्घिकेला तबकडी असते, पण नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू बहुतेक संपलेला असतो. म्हणून सर्पिल भुजा नाहीत आणि तारे बहुतेक जुने, पिवळसर. दीर्घिकांच्या दाट समूहांत या जास्त सापडतात. तिथल्या तापलेल्या वायूतून धावताना दीर्घिकेच्या अंगचा वायू झडतो. उफणताना फोलपटं उडतात आणि दाणे खाली राहतात, तसे तारे मात्र राहतात. हे एकच कारण नव्हे, पण दुकानदाराला पटणारं आहे.

दुरुस्ती छापलीत तर कात्रण मसुराच्या पोत्यावर लावीन.

आपला,
एक धान्य दुकानदार, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर