त्यांना त्यांची नावं आहेत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मध्यरात्रीच्या सूर्यावरचा लेख वाचला. फोटो सुंदर होते, लिहिणाऱ्याची हौसही दिसत होती. पण मथळ्यातच ‘एस्किमोंच्या गावात’ असं होतं आणि आत तो शब्द अकरा वेळा आला. मी मोजून पाहिलं. गाव होतं कॅनडातलं इनुविक. माझी लेक तिथे परिचारिका आहे. मागल्या वर्षी जून-जुलैचे सात आठवडे मी तिच्याकडे राहून आले. तिथल्या लोकांना हा शब्द नको असतो, म्हणून हे पत्र.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. दापोली तालुक्यात मी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला. टुंड्रा प्रदेशाचा धडा आला की फळ्यावर मी पांढऱ्या खडूनं इग्लू काढायचे, शेजारी कुत्र्यांची घसरगाडी आणि हातात हार्पून घेतलेला माणूस. मुलं चित्र वहीत उतरवून घ्यायची. ‘एस्किमो कोठे राहतात?’ या प्रश्नाला ‘इग्लूत’ असं लिहिलं की एक गुण मिळायचा. किती मुलांना मी तो गुण दिला असेल, कोण जाणे. आता त्या गुणाची टोचणी लागून राहिली आहे.

लेक-जावई मला घ्यायला व्हाइटहॉर्सपर्यंत आले होते. तिथून डॉसनच्या अलीकडे डेम्पस्टर महामार्ग सुटतो. सातशे चाळीस किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, इनुविकपर्यंत जवळजवळ सगळा खडीचा. जावयांनी दोन जादा टायर घेतले होते आणि त्यातला एक दुसऱ्या दिवशीच लागला. साधारण मध्यावर ईगल प्लेन्स नावाचा थांबा आहे. पेट्रोल तिथेच भरायचं, कारण मागे-पुढे कित्येक तास काही नाही. खाली जमीन कायमची गोठलेली, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. ती वितळली तर रस्ता खचेल, म्हणून खडीचा जाड थर टाकून रस्ता उचलून घेतला आहे, काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त. खालच्या बर्फाला ऊब लागू नये म्हणून ही गोधडी! आमच्या कोकणात रस्ता पावसानं जातो, तिथे उन्हानं जाईल. दोन्हीकडे रस्त्याची काळजी मात्र सारखीच घ्यावी लागते.

या रस्त्याला डेम्पस्टर हे नाव कसं पडलं ते मी जावयांना विचारलं. डिसेंबर 1910 मध्ये फोर्ट मॅकफर्सनहून चार पोलिसांची गस्त कुत्र्यांच्या गाड्या घेऊन डॉसनकडे निघाली. म्होरक्या फिट्झगेराल्ड. वाटेत त्यांना एक ग्विचिन, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांपैकी, वाटाड्या मिळाला होता. थोडं अंतर सोबत घेऊन त्यांनी त्याला परत पाठवलं. पुढे वाट चुकली, शिधा संपला आणि चौघंही गेले. त्यांना शोधायला डॉसनहून जी तुकडी आली तिचा प्रमुख डेम्पस्टर. त्या तुकडीत चार्ली स्टुअर्ट हा ग्विचिन वाटाड्या होता. रस्त्याला नाव डेम्पस्टरचं लागलं. ते गैर आहे असं माझं म्हणणं नाही, पण चार्ली स्टुअर्टचं नाव मी मुद्दाम इथे लिहिते आहे. फोर्ट मॅकफर्सनला त्या चौघांच्या कबरी आहेत. मी तिथे दोन मिनिटं उभी राहिले.

वाटेत दोन नद्या लागतात, पील आणि मॅकेन्झी. पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात नदीच गोठून रस्ता होते. मधले काही आठवडे, बर्फ धरतो तेव्हा आणि फुटतो तेव्हा, पलीकडे जाताच येत नाही. पीलच्या काठी आम्ही सहा तास अडकलो. पाण्याबरोबर वरून झाडांचे ओंडके येत होते आणि फेरी थांबवली होती. एकही माणूस वैतागला नाही. एका ट्रकवाल्यानं स्टोव्ह काढून चहा केला आणि आम्हालाही दिला. दाभोळच्या जेटीवर जन्म काढलेल्या मला ते सहा तास घरच्यासारखे वाटले.

दुसरी फेरी सीगेचिकला. 1994 पर्यंत या गावाचं अधिकृत नाव आर्क्टिक रेड रिव्हर होतं, मग त्यांनी आपलं जुनं नाव परत घेतलं. मुंबईनं ते 1995 मध्ये केलं, म्हणजे आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. मॅकेन्झी हे नावही 1789 मध्ये नदीतून उतरत गेलेल्या एका प्रवाशाचं. ग्विचिन तिला नागविचूनजिक म्हणतात, नदीच्या मुखाकडचे मूळचे लोक, इनुव्हियालुइत, तिला कूकपाक म्हणतात. माझ्या नकाशात फक्त मॅकेन्झी होती.

आता गाव. इनुविक हे वस्ती म्हणून फार जुनं नाही. अक्लाविक गाव नदीच्या पुरानं आणि खचत्या जमिनीनं हैराण झालं होतं, म्हणून 1950 च्या दशकात सरकारनं ही नवी जागा निवडून वसवली. इनुविक म्हणजे माणसांची जागा. लोकवस्ती तीन हजारांच्या आसपास, आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला सुमारे दोन अंश. घरं लाकडी, लाल-निळी-पिवळी, आणि सगळी खांबांवर उभी, कारण घराची ऊब जमिनीत उतरली तर घरच खाली जाईल. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही पुरता येत नाहीत. ते जमिनीवरून धातूच्या पेटाऱ्यांतून घराघरांत जातात. त्याला युटिलिडॉर म्हणतात. अख्ख्या गावातून ते चमकणारे पेटारे फिरतात आणि माणसं लाकडी पायऱ्यांनी त्यांच्यावरून पलीकडे जातात. इग्लू? आहे, एक. 1960 मध्ये पुरं झालेलं चर्च, गोल घुमटाचं, त्याला सगळे इग्लू चर्चच म्हणतात. बर्फाचं नाही, लाकडाचं. गावात एक मशीदही आहे. ती विनिपेगला बांधून 2010 मध्ये ट्रकनं आणि मग नदीतून तराफ्यानं चार हजार किलोमीटर आणली.

आणि झाडंही आहेत! टुंड्रात झाड नाही, असं मी शिकवत आले. पण झाडांची सीमा या गावाच्या पुढे आहे. इनुविकच्या कडेला स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची खुरटी रानं आहेत. त्यातली कित्येक झाडं वाकडी, कारण मुळांखालचा बर्फ हलतो. एका दुपारी पारा तिशीला टेकला होता आणि डास असे की हर्णैचे परवडले.

मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. लेकीनं माझ्या खोलीच्या खिडकीला आतून अॅल्युमिनियमचा कागद चिकटवला होता, तरी पहिला आठवडा झोप नाही. रात्री एक वाजता बाहेर मुलं सायकली फिरवताहेत आणि कोणी हाका मारून घरात घेत नाही. पहिल्या दिवशी मला ते खटकलं. मग लेक म्हणाली, “आई, डिसेंबरात महिनाभर यांना सूर्य दिसत नाही. खेळू दे की.”

भाजी महाग असते, दुरून यावी लागते. पण गावानं स्वतःचं ग्रीनहाउस उभं केलं आहे. 1998 पासून बर्फावरच्या हॉकीच्या जुन्या सभागृहाचं छप्पर पारदर्शक करून आत वाफे केले. लेकीचा एक वाफा होता, त्यात मी मेथी आणि कोथिंबीर पेरली. मेथी झकास आली. कोथिंबीर मात्र पानं धरायच्या आतच तुऱ्यावर आली, चोवीस तास ऊन म्हटल्यावर तिला रात्र कधी झाली हेच कळेना. शेजारच्या वाफ्यावर एक आजी बटाट्याला माती लावत होत्या. माझी मेथी बघून त्यांनी एक पान खुडलं, चावलं, तोंड वाकडं केलं आणि आणखी एक खुडलं. तिथून आमची ओळख झाली.

त्यांना सगळे जिजू म्हणत. ग्विचिन भाषेत जिजू म्हणजे आजी. मीही जिजूच म्हणू लागले, वयानं त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या.

जुलैच्या सुरुवातीला त्यांच्या मुलानं आम्हाला बोटीनं त्यांच्या मासेमारीच्या तळावर नेलं. नदीच्या फाट्यात जिथे पाणी गोल फिरतं तिथे जाळं लावलेलं. सकाळी त्यात व्हाइटफिश सापडला, बावीस नग. जिजू फळीपुढे बसल्या. हातात उलू, म्हणजे अर्धचंद्रासारखं पातं आणि वर मूठ. हे मूळचं इनुव्हियालुइत बायकांचं हत्यार, पण जिजूंना शेजारणींमुळे त्याचीच सवय झालेली. आपली विळी पायाखाली स्थिर आणि मासा हलतो. इथे मासा स्थिर आणि पातं झुलतं. दोन्ही बाजू काट्यापासून अशा सोडवल्या की शेपटीशी जोडलेल्याच राहिल्या. मग मांसावर बोटाबोटाच्या अंतरानं आडवे चिरे, कातडीला न लागता. शेपटीच्या जोडावर मासा दांडीवर उलटा टाकायचा आणि खाली ओंडक्यांचा मंद धूर. पहिल्या माशाला मी कातडी कापली. जिजूंनी तो मासा बाजूला ठेवला, दुसरा दिला आणि माझं मनगट धरून हात हलवून दाखवला. त्यांना शब्दांची गरज लागली नाही.

तिथेच धुराजवळ बसून त्यांनी सांगितलं. सहा वर्षांच्या असताना त्यांना विमानानं निवासी शाळेच्या वसतिगृहात नेलं. घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. सुट्टीत घरी आल्या तेव्हा स्वतःच्या आजीशी बोलायला दुभाषा लागला. आम्ही ज्या ग्रीनहाउसमध्ये भेटलो ते सभागृहही पूर्वी अशाच एका वसतिगृहाचं होतं. जून 2008 मध्ये कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान हार्पर यांनी या शाळांबद्दल संसदेत माफी मागितली. जिजू ते टीव्हीवर बघत होत्या. आता पासष्टीनंतर त्या आपली भाषा पुन्हा शिकल्या आहेत, नातवंडांबरोबर.

मी धीर करून विचारलं, तुम्हाला एस्किमो म्हटलं तर? त्या म्हणाल्या, “मी ग्विचिन आहे. इनुव्हियालुइत आमचे शेजारी. त्यांनाही तो शब्द नको असतो, आणि मला तर तो कधीच लागू नव्हता.” म्हणजे मी दोन निरनिराळ्या लोकांची एकच मोट बांधली होती, आणि तीही परक्या शब्दानं. ग्विचिन हे वनातले, नदीचे आणि कॅरिबूंचे, म्हणजे रानटी रेनडिअरचे, लोक. इनुव्हियालुइत हे समुद्राचे आणि मुखाचे, इन्युइतांपैकी. दोघांचे सरकारशी जमिनीचे करारही वेगळे, इनुव्हियालुइतांचा 1984 चा, ग्विचिनांचा 1992 चा. त्या शब्दाचा मूळ अर्थ काय यावर भाषातज्ज्ञांत वाद आहे. अर्थ काहीही असो, तो शब्द त्यांनी स्वतःला दिलेला नाही, इतकं मला पुरे. कॅनडाच्या 1982 च्या राज्यघटनेत इन्युइत हाच शब्द आहे. तोही सगळीकडे चिकटवता येत नाही. अलास्कातले युपिक म्हणजे इन्युइत नव्हेत.

आणि घराबद्दल. इन्युइतांच्या भाषेत इग्लू म्हणजे नुसतं घर. मुखाकडच्या इनुव्हियालुइतांची हिवाळी घरं वाहून आलेल्या लाकडांची आणि मातीची असत, बर्फाचं घर शिकारीच्या वाटेवर बांधायचं. 2017 मध्ये इनुविकहून समुद्रकाठच्या टुकटोयाकटुकपर्यंत 138 किलोमीटरचा बारमाही रस्ता झाला. त्या रस्त्यानं जाऊन मी आर्क्टिक महासागरात पाय बुडवून आले. किनाऱ्यावर तीच लाकडं पडलेली, नदीनं शेकडो मैलांवरून आणलेली. त्या ओंडक्यावर बसले असताना फळ्यावरचा माझा इग्लू आठवला.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे. आपल्या अंकात यापुढे हा शब्द छापू नका. गाव इनुव्हियालुइतांचं असेल तर इनुव्हियालुइत लिहा, ग्विचिनांचं असेल तर ग्विचिन. नाव नक्की माहीत नसेल तर विचारून घ्या. वाचकाला पहिल्यांदा जड जाईल, दुसऱ्यांदा नाही. टुकटोयाकटुक मी पंधरा दिवसांत शिकले. आणि जे शिक्षक हे पत्र वाचतील त्यांनी वर्गात हे जरूर सांगावं. ज्या मुलांना मी शिकवलं ती आता चाळिशीत आहेत, त्यांच्यातल्या कोणाच्या हाती हा अंक पडला तर टुंड्राच्या धड्यातलं ते उत्तर त्यांनी दुरुस्त करून घ्यावं, ही हात जोडून विनंती.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी जिजूंना फोनवर हर्णैच्या वलांड्यांचे फोटो दाखवले. दोरीवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले, मागे समुद्र. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि जबडे कसे अडकवलेत ते कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, हे मासे वाळवणाऱ्या लोकांना काय म्हणतात? मी सांगितलं, कोळी. ‘ळ’ त्यांच्या जिभेवर बसेना. कोली, कोरी असं झालं. मी म्हटलं, चालेल. त्यांनी मान हलवली आणि मला पुन्हा म्हणायला लावलं, माझ्या ओठांकडे बघत, तीनदा, चारदा, नीट येईपर्यंत.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी