ज्वालामुखीच्या नावावर आपला धूर खपवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख पार दिल्लीच्या आकाशात आली, विमानं रद्द झाली, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय की एकच ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन सोडतो, मग गाड्या आणि कोळशाच्या नावाने कशाला ओरडायचं. शिकलेसवरलेले लोक हे पुढे ढकलतात, म्हणून राहवलं नाही.

जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो आपल्या कोळसा, पेट्रोल, सिमेंटमधून निघणाऱ्याच्या १ टक्काच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतो. सगळे मिळून, एकटा नाही!

उलट मोठा स्फोट झाला तर पृथ्वी थोडी गार होते. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनातुबो फुटला. राख बरीचशी लवकर खाली बसते, खरा खेळ असतो सल्फर डायऑक्साइडचा. हा गॅस सुमारे दीड-दोन कोटी टन स्थितांबरात गेला, म्हणजे ढगांच्याही वर, जिथे पावसाने धुऊन निघायची सोयच नाही, तिथे त्याचे आम्लाचे बारीक थेंब झाले, वाऱ्याने जगभर पसरले आणि ऊन परत फेकत राहिले. १९९२ मध्ये जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की नासाच्या जेम्स हॅन्सन यांच्या टीमने ही घट आधीच गणित मांडून सांगितली होती. हवामानाच्या मॉडेलवर विश्वास नाही म्हणणाऱ्यांनी एवढं तरी बघावं. दोन-तीन वर्षांत थेंब खाली आले आणि तापमान पुन्हा चढायला लागलं, कारण आपला कार्बन वरच होता, तो शेकडो वर्षं राहतो. हायली गुब्बीचा गॅस तर पिनातुबोच्या मानाने अगदीच कमी होता.

काहीजण सह्याद्रीचा दाखला देतात. आपण ट्रेकला जातो तो काळा कातळ लाव्हाचाच आहे, मान्य, पण ते थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाखो वर्षं साचत गेले, आजच्या उन्हाळ्याचं खापर त्याच्यावर कसं फोडणार?

पुढच्या वेळी राखेची बातमी छापाल तेव्हा शेजारी एका चौकटीत हे आकडे पण द्या, ही विनंती. मी तोच कात्रणाचा फोटो ग्रुपवर टाकीन.

— एक नियमित वाचक, नाशिक